सुवर्णदुर्गाच्या आडोशाचे बंदर : हर्णै

श्रावण शुद्ध पौर्णिमा ही तिथी एकच. परंतु आपल्या धर्मजीवनात ती तीन नावांनी येते. वेदाध्ययनाची परंपरा सांभाळणाऱ्या घरी ती श्रावणी होऊन येते आणि जुने यज्ञोपवीत उतरवून नवे धारण केले जाते. बहीणभावांच्या घरी ती राखी होऊन येते. आणि समुद्राच्या काठी ती नारळी होऊन येते. पहिल्या दोन रूपांची ओळख घरोघरी आहे. तिसऱ्या रूपाचे आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्यास येते ते नारळीभाताचे ताट. त्या भातामागे उभा असलेला समुद्र ताटात दिसत नाही. तो पाहावयाचा तर घर सोडून किनाऱ्यावरच जावे लागते.

आपल्या शास्त्रांनी वरुणास पश्चिम दिशेचा दिक्पाल मानले आहे. मकर हे त्याचे वाहन आणि पाश हे त्याचे आयुध. कोकणातल्या माणसास ही दिशा पंचांगात शोधावी लागत नाही. पुढचे दार उघडले, माडांच्या रांगेपलीकडे नजर टाकली, की साक्षात दिक्पालच समोर गर्जत असतो. आणि ज्याच्या हाती पाश आहे त्या देवाच्या घरी स्वतःचे जाळे घेऊन जावयाचे, त्याच्याच भांडारातले घेऊन परत यावयाचे, हा कोळ्याचा धर्म. अशा माणसाने वर्षातून एकदा घरधन्याची अनुज्ञा मागावी यात नवल ते काय?

ही अनुज्ञा जेथे पिढ्यान्‌पिढ्या मागितली गेली, अशा एका लहानशा बंदराची कथा आजच्या पर्वकाळी वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले. ते बंदर म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील, दापोली तालुक्यातील हर्णै.

हर्णैला बंदर म्हणावयाचे, पण मुंबईच्या ससून गोदीसारखा चिरेबंदी धक्का मनात धरून जो येथे येईल त्याची निराशा होईल. येथे आहे ती वाळूची पुळण, काळे खडक आणि त्यापुढे उभारलेल्या नौकांच्या डोलकाठ्या. भूमीचे एक टोक समुद्रात घुसले आहे. त्यावर कनकदुर्गाचे अवशेष आणि त्यांच्या सोबतीला दीपगृह. त्याला लागूनच फत्तेगड. त्या गडाचा आता गड राहिलेला नाही, कोळी बांधवांची घरे तेथे दाटीने उभी आहेत. किनाऱ्याकिनाऱ्याने थोडे गेले की गोवागड. आणि या तिन्ही भुईकोटांच्या समोर, समुद्राच्या पाण्यात, बेटावरच्या खडकातून उगवल्यासारखा सुवर्णदुर्ग. एक जलदुर्ग आणि त्याच्या पाठीशी जमिनीवर तीन पहारेकरी, अशी ही मांडणी आहे. भूशिर आणि बेट यांच्यामुळे लाटांचा जोर थोडा मोडतो आणि त्या आडोशाला नौका नांगर टाकतात. हर्णैची सारी पुंजी म्हणजे हा आडोसा. सृष्टीने तो दिला, राजांनी त्यावर तटबंदी चढविली.

आरमाराचे दिवस

सुवर्णदुर्ग विजापूरकरांकडून शिवछत्रपतींच्या हाती आला तो १६६० च्या सुमारास. समुद्र ज्याच्या हाती नाही त्याचे कोकण सुरक्षित नाही, हे त्या द्रष्ट्या पुरुषाने ओळखले होते. या दुर्गाच्या महाद्वाराशी पायरीच्या दगडावर कूर्म कोरलेला आहे आणि तटाच्या भिंतीवर मारुतिरायाची मूर्ती आहे. ज्याने मंदराचल पाठीवर पेलला तो उंबऱ्याशी, आणि ज्याने समुद्र उल्लंघिला तो भिंतीवर! ज्या कोणा पाथरवटाने हे दोघे येथे आणून बसविले, त्यास जलदुर्गाला कोणती दैवते हवीत हे पुरते कळले होते असेच म्हणावे लागते.

याच दुर्गाने मराठी आरमाराला त्याचा सर्वांत मोठा नायक दिला. कान्होजी आंग्र्यांचे वडील तुकोजी येथे चाकरीस होते आणि कान्होजींचे बाळपण याच लाटांच्या आवाजात गेले. शंभुराजांच्या अखेरच्या काळात जंजिऱ्याच्या सिद्दीने सुवर्णदुर्गास वेढा घातला. परंपरा असे सांगते, की किल्लेदारच शत्रूस फितूर होऊ पाहत होता. तरुण कान्होजींनी त्यास कैद करून किल्ल्याची सूत्रे आपल्या हाती घेतली, वेढ्यावर चालून जाताना ते स्वतः शत्रूच्या हाती सापडले, तेथून निसटले आणि समुद्र पोहून पुन्हा दुर्गात दाखल झाले. या कथेतला तपशील कितपत खरा याचा वाद इतिहासकारांनी घालावा. एवढे मात्र निश्चित, की दुर्ग वाचला आणि कान्होजींचा उदय झाला. पुढे सरखेलपद त्यांच्याकडे आले, आणि १७२९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी गलबतास आंग्र्यांचे दस्तक बाळगल्यावाचून निर्वेध जाता येत नसे. इंग्रजांनी त्यांस चाचा म्हटले. आपल्या अंगणात येणाऱ्याकडे परवाना मागणारा घरधनी चाचा कसा, हा प्रश्न त्यांस पडला नाही.

त्यानंतरचा अध्याय लिहिताना मन विषण्ण होते, पण तो गाळून चालणार नाही. कान्होजींचे पुत्र तुळाजी आणि नानासाहेब पेशवे यांचे पटेना. तुळाजीस वठणीवर आणण्यासाठी पेशव्यांनी मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला. पेशव्यांचे कोकणातले सरसुभेदार रामाजी महादेव यांची फौज व आरमार, आणि कमोडोर विल्यम जेम्सची लढाऊ जहाजे, अशी संयुक्त स्वारी सुवर्णदुर्गावर आली. ४४ तोफांचे ‘प्रोटेक्टर’ हे जेम्सचे मुख्य जहाज. एप्रिलच्या आरंभीच त्याने हल्ला चढविला. तोफगोळ्यांनी आत आग लागली, दारूकोठार उडाले आणि ज्या दुर्गास सिद्दीचा वेढा हलवू शकला नव्हता तो अवघ्या काही दिवसांत पडला. सुवर्णदुर्ग पेशव्यांस मिळाला. इंग्रजांनी बाणकोट पदरात पाडून घेतले. पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गाच्या पाण्यात आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. ते आरमार तुळाजीचे होते हे खरे. पण ते मराठ्यांचेही होते. घरच्या भांडणात शेजाऱ्याच्या हाती कुऱ्हाड द्यावी आणि त्याने अंगणातला माडच तोडावा, असे ते झाले.

जेम्स विलायतेस परतला, सर झाला, १७८३ मध्ये वारला. त्याच्या विधवेने लंडननजीक शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर १७८४ मध्ये त्याच्या स्मरणार्थ एक मनोरा बांधला. त्या मनोऱ्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. हे ‘सेव्हर्नड्रूग’ म्हणजे आपला सुवर्णदुर्ग! तो मनोरा आजही उभा आहे. हर्णैच्या पुळणीवर जाळी विणीत बसलेल्या माणसाच्या दारासमोरचा किल्ला सातासमुद्रापलीकडे अशा मोडक्या उच्चारात नांदत असावा, ही इतिहासाची थट्टाच होय.

सुवर्णदुर्गाने आणखी एकदा मराठी राज्याचे दुर्दैव डोळ्यांनी पाहिले. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पुणेकरांचा पराभव केला, तेव्हा दुसरा बाजीराव कोकणात उतरून याच दुर्गाच्या आश्रयास आला. येथून समुद्रमार्गे तो इंग्रजांच्या मदतीने वसईस गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्या प्रसिद्ध तहावर सही झाली. १८१८ मध्ये दुर्ग इंग्रजांकडे गेला. तोफा निकामी झाल्या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ दुर्गांस जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत सुवर्णदुर्ग आहे, ही अलीकडच्या काळातली आनंदाची वार्ता.

राहिले ते बंदर

आदिलशाही गेली, छत्रपती आले, आंग्रे आले, पेशवे आले, इंग्रज आले आणि तेही गेले. या सर्व काळात जे एक काम येथे अखंड चालले ते म्हणजे मासेमारी. इतिहासाच्या पुस्तकात तिला पान नाही. किल्ला कोणी घेतला हे लिहिले जाते. त्या दिवशी होड्या दर्यात गेल्या होत्या काय, हे कोणी लिहीत नाही. शेजारचे पाजपंढरी हे कोळी बांधवांचे मोठे गाव. हर्णैत मुसलमान दर्यावर्दींचीही वस्ती आहे. दर्या दोघांस एकच नियम लावतो.

मधल्या काळात हर्णै हे आगबोटीचेही बंदर होते. आगबोट दूर खोल पाण्यात उभी राही. उतारूंना पडावात उतरून, लाटांवर हेलकावे खात, पुष्कळदा अखेरचे चार हात कोणाच्या तरी खांद्यावर बसून, किनारा गाठावा लागे. शिमग्यास मुंबईहून येणारा चाकरमानी, त्याची ट्रंक, तिच्यात वर्षाची मिळकत. रस्ते झाले, एस.टी. आली आणि आगबोट इतिहासजमा झाली. पण येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : वाफेच्या जोरावर चालणारी ती लोखंडी बोटदेखील पावसाळ्यात या बंदरास येत नसे. मृगाच्या आधी दर्या बंद होई तो सर्वांसाठीच बंद होई.

धक्का नसल्याने हर्णैचा मासळीबाजार पुळणीवरच भरत आला. नौका उथळ पाण्याबाहेर थांबतात. तेथून मासळी किनाऱ्यास आणावयाची तर लहान होड्या किंवा चक्क बैलगाड्या. गुडघाभर, कधी पोटाला लागेल इतक्या पाण्यात बैल निर्विकारपणे उभे आहेत, पलीकडून टोपल्या भरल्या जात आहेत आणि जाताना त्याच गाड्यांतून बर्फ व डिझेल नौकेकडे चालले आहे, हे दृश्य आम्ही येथे पाहिले तेव्हा क्षणभर कोणत्या शतकात आहोत याचा उलगडा होईना. सायंकाळी वाळूवर मासळीचे ढीग लागतात. सुरमई, पापलेट, कोळंबी, बांगडा, म्हाकूल. प्रत्येक ढिगाभोवती कोंडाळे, लिलाव पुकारणाऱ्याचा चढता स्वर, आणि त्याहूनही चढा कोळणींचा. पंधरा-वीस मिनिटांत ढीग नाहीसा होतो व मालमोटारी मुंबईच्या वाटेला लागतात. बंदराच्या पक्क्या बांधणीची मागणी दशकानुदशके झाली. शासनाने अलीकडे ती मनावर घेतली आहे, आणि ज्यांनी आयुष्यभर ओल्या टोपल्या डोक्यावर वाहिल्या त्यांस तो धक्का लवकर लाभो, असेच आम्ही म्हणू. बैलगाड्यांचे कौतुक पाहुण्यांस; ओझे त्यांस.

व्रत आणि पारणे

आता मूळ विषयाकडे वळू. नारळी पौर्णिमेस कोळी बांधव वाजतगाजत किनाऱ्यावर येतात. सोनेरी वेष्टनाने मढविलेला नारळ, हळदकुंकू, फुले, पेटते निरांजन. दर्याची पूजा होते, नारळ लाटांवर सोडला जातो, आणि शांत हो, आमच्या माणसांना सांभाळून आण, असे मागणे मागितले जाते. हे मागणे मागणाऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्याकडे जो पाहील त्यास सणाचा अर्थ पोथीतून सांगावा लागणार नाही. घरातला पुरुष दाराबाहेर पडला तो परत येईल याची हमी या एका व्यवसायात कोणीच देत नाही.

परंतु नारळ हा या सणाचा शेवटचा भाग आहे, हे आपण विसरतो. त्याआधी दोन महिने होऊन गेलेले असतात. नौका किनाऱ्यावर ओढलेल्या, शाकारलेल्या, जाळी ओसरीवर, घरात आंबोशी, सुकी मासळी आणि उधारी. दर्या खवळलेला असतो म्हणून ही विश्रांती, हे तर खरेच. पण याच महिन्यांत मासळी अंडी घालते, पिले वाढतात, हेही आपल्या पूर्वजांस अनुभवाने ठाऊक होते. हा मासेमारीचा चातुर्मास होय. ज्याच्यावर पोट चालते त्याच्यावर हात न टाकण्याचे हे व्रत, आणि नारळी पौर्णिमा हे त्याचे पारणे. उपवास न करणाऱ्याने पारण्याच्या पंक्तीस बसावे, हे आपल्या घरांत शोभत नाही. समुद्राच्या घरी तरी ते कसे शोभेल?

सरकारी कायद्यानेही पुष्कळ वर्षे या तिथीचा मान राखला होता. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. त्यानुसार १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत यांत्रिक नौकांस बंदी असे. राज्याच्या राजपत्रात पंचांगातली एक तिथी अशी सन्मानाने बसली होती. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर एकच वेळापत्रक झाले : १ जून ते ३१ जुलै, दिवस ६१. साऱ्या किनाऱ्यास एक नियम असणे योग्यच. शेजारच्या राज्याची नौका दर्यात आणि आपली किनाऱ्यावर, असे झाले तर कोणासही ते सोसवणार नाही. पण हिशेब करून पाहावा. जुन्या नियमाने बंदी १५ ऑगस्टपर्यंत चालली तर ती ६७ दिवसांची होई. आणि तिथीचे म्हणाल, तर २०२३ साली श्रावण अधिक आला, नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला पडली. कायद्याने दर्या उघडून तोवर महिना लोटला होता. ज्या नारळाने दार उघडावयाचे तो नारळ, दार उघडून माणसे आतबाहेर करू लागल्यावर वाहिला गेला. बंदी पुन्हा १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी ही मागणी खुद्द मच्छीमारांकडूनच वेळोवेळी पुढे येते. दोन महिने चूल कशी पेटते हे ज्यांस ठाऊक आहे तेच आणखी पंधरा दिवस मागतात, याचे मोल शहरात बसून लक्षात येणार नाही.

ते असे का मागतात? कारण टोपलीत काय येते ते त्यांस दिसते. रुपेरी पापलेटास सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने राज्यमासा म्हणून गौरविले. तो गौरव करण्यामागे ती जात टिकावी हीच चिंता होती. हाताच्या पंजाएवढे व्हावयाच्या आधीच पिले जाळ्यात येऊ लागली तर पुढे मोठे पापलेट कोठून यावे? पर्ससीन जाळ्यांवर राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध आणले. रात्री समुद्रावर प्रखर एलईडी दिवे पाजळून, उजेडाला भुलून वर आलेली सारी मासळी, लहान-मोठी, गाभण-पोरकी, एकदम उपसावयाची, या पद्धतीस केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी केली. तरीही ते दिवे विझले नाहीत, हे या किनाऱ्यावरचे मच्छीमार आंदोलने करकरून सांगत आले आहेत. निरांजन लावून दर्याची पूजा करणारा आणि दिवा लावून दर्या लुटणारा, दोघांच्याही हाती ज्योतच असते. अधिक काही लिहीत नाही.

माडांचे वर्ष

नारळी पौर्णिमेचा नारळ दर्यात उगवत नाही. तो येतो वाडीतून. हर्णै, मुरूड, आंजर्ले, केळशी या गावांच्या माडापोफळींच्या आगरांतून. आगर वाडीवाल्याचे, हात कोळ्याचा, दान वरुणाचे, अशी ही साखळी आहे. ३ जून २०२० रोजी ती तुटता तुटता राहिली. त्या दिवशी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि दापोली-मंडणगड तालुक्यांस त्याने अक्षरशः झोडपून काढले. कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले, गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. पिढ्यांनी शिंपलेले माड आणि पोफळी तासा-दोन तासांत भुईवर लोळल्या. माडाचे रोप लावले तर फळ हाती यावयास सहा-सात वर्षे लागतात; आजोबांनी लावावे आणि नातवाने खावे असा हा वृक्ष.  

त्या वर्षी नारळी पौर्णिमा ३ ऑगस्टला आली. वादळानंतर बरोबर दोन महिन्यांनी. त्यात साथीची टाळेबंदी. मिरवणूक नाही, गर्दी नाही. ज्या दर्यावरून ते वादळ आले त्यालाच नारळ वाहावयाचा होता.

हर्णैच्या नौकांचा वादळातला खरा आसरा मात्र हर्णैत नाही. तो आहे थोडा उत्तरेस, आंजर्ल्याच्या खाडीत. वाऱ्याने रोख बदलला की नांगर उचलून नौका त्या खाडीत शिरतात. खाडीच्या वरच्या बाजूस टेकडीवर आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. उजव्या सोंडेची मूर्ती, अठराव्या शतकात जीर्णोद्धार झालेले देखणे देवालय, आणि तेथून दिसणारा सुवर्णदुर्ग. आख्यायिका अशी, की हे देवालय मूळचे खाली समुद्रकाठी होते. समुद्र पुढे सरकला तेव्हा गजानन कड्यावर चढला, आणि चढताना उमटलेले त्याचे पाऊल वाटेत दाखविले जाते. ज्या गावाने समुद्रास असे पुढे येताना पाहिले, त्या गावाच्या खाडीचे मुख आता गाळाने भरत चालले आहे. ओहोटीला नौका आत घेणे धोक्याचे झाले आहे. आसऱ्याची वाटच अवघड व्हावी, हे हर्णैकरांचे आजचे मोठे दुखणे आहे. सण करणाऱ्या साऱ्यांनी त्यांच्या वतीने हा गाळ काढण्याचे मागणे मागावयास हरकत नाही.

तोवर भरतीची वाट पाहणे आले. कोकणात भरतीचा हिशेब पंचांगावर चालतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची घटका निघते. पौर्णिमा ही पंधरावी तिथी. म्हणजे सव्वाअकराचा सुमार, आणि उधाणाचे पाणी. त्या पाण्यावर खाडीतल्या नौका एकामागून एक मुखाकडे सरकतात, डोलकाठ्यांवर नवी निशाणे, नाळेवर हळदकुंकवाची बोटे. गाळाच्या उंचवट्यावरून पहिली नौका सुखरूप पार झाली की मागचे तांडेल इंजिनाचा वेग वाढवितात, कारण ओहोटी लागण्याआधी सर्वांस बाहेर पडावयाचे असते.